दोन आठवडे, एकच सरासरी

आईची उपाशीपोटीची शुगर मी रोज सकाळी घरीच ग्लुकोमीटरवर बघते आणि कालनिर्णयवर त्या त्या तारखेच्या चौकोनात लिहून ठेवते. मागच्या महिन्यातला एक आठवडा असा गेला, १२८, १३४, १२६, १३१, १३३, १२९, १२९. सरासरी १३०. पुढच्या आठवड्यात मामेभावाचं लग्न, केळवणं, जागरणं, जेवणाच्या वेळांचा पार बोऱ्या वाजला आणि आकडे आले ६८, १९०, ११२, १७५, ९६, १६०, १०९. बेरीज करून सातने भागलं तर परत १३०च! दोनदा कॅल्क्युलेटरवर करून बघितलं.

पण ६८ची सकाळ मी विसरूच शकत नाही. आईचे हात थरथरत होते, अंग घामाने डबडबलेलं, मी धावत जाऊन साखरेचं पाणी करून पाजलं आणि पंधरा मिनिटांनी परत बोट टोचून बघितलं. हे दोन आठवडे सारखे कसे असतील?

म्हणून आता सरासरीच्या जोडीला सरासरी विचलन पण काढते. प्रत्येक आकडा १३०पासून किती लांब आहे ते बघायचं, बस. फक्त अधिक-उणे चिन्हं ठेवायची नाहीत, कारण लग्नाच्या आठवड्यात वरचे फरक १३५ आणि खालचेही १३५, बेरीज शून्य, आणि हे दरवेळी होणारच, सरासरी मुळात तशीच असते, दोन्ही बाजू तोलून धरणारी. म्हणून केवल मूल्य, म्हणजे नुसतं अंतर: ६२, ६०, १८, ४५, ३४, ३०, २१. बेरीज २७०, भागिले सात, साधारण ३८.६. आणि आधीच्या आठवड्याचं? २.३!

चढउतार मोजायचं दुसरं माप म्हणजे प्रमाण विचलन, पण त्यात प्रत्येक फरकाचा वर्ग करा, त्या वर्गांची सरासरी घ्या, मग वर्गमूळ काढा, मोठे फरक त्यात जास्तच वजन खातात. आईला मात्र "रोज साधारण ३९ने वरखाली होतेय गं" म्हटलं की लगेच कळतं.

एचबीएवनसी या रक्ततपासणीचा रिपोर्टसुद्धा मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरीच सांगतो, रोजचे हेलकावे त्यात दिसत नाहीत, म्हणून यावेळी डॉक्टरांकडे जाताना कालनिर्णयचं पानच घेऊन गेले. त्यांनी सरळ ६८वर बोट ठेवलं आणि आईला विचारलं, आदल्या रात्री किती वाजता जेवलात?

आई हळूच म्हणाली, "गोळी घेतली होती हो, पण पाहुण्यांना वाढता वाढता जेवायचं राहूनच गेलं."