जुनं टीव्ही ट्यूनर कार्ड लिनक्सवर चाललं एकदाचं!

आज दिवसभर एकच काम, आत्याच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायची. त्यासाठी कपाटातलं पीसीआयवालं (मदरबोर्डवरच्या जुन्या पद्धतीच्या खाचेत बसणारं) ट्यूनर कार्ड, म्हणजे टीव्ही-व्हीसीआरचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारं कार्ड काढलं, धूळ पुसली तर चिपवर फिलिप्स एसएए 7134 लिहिलेलं स्पष्ट दिसलं आणि हायसं वाटलं, कारण या चिपचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यातच असतो, सीडी-बिडी काही शोधायला लागत नाही.

पण कार्ड लावून डीमेसेग (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) बघितलं तर म्हणे कार्ड नंबर 0, म्हणजे अनोळखी. ड्रायव्हर चिप ओळखतो पण कार्ड कुठल्या कंपनीचं, कुठलं इनपुट कुठे जोडलंय हे त्याला कळत नाही, स्वस्तातल्या कार्डांवर ती ओळख लिहिलेलीच नसते. मग ड्रायव्हर काढायचा, त्याच्या कार्डांच्या यादीतला एक नंबर देऊन परत टाकायचा, चित्र येतंय का बघायचं, नाही आलं की पुढचा नंबर. यादीत शंभरावर कार्डं आहेत हो! बरं, व्हीसीआर कॉम्पोझिटच्या पिवळ्या पिनेतून जोडला की ट्यूनरचा (कार्डावरच्या चॅनेल पकडणाऱ्या भागाचा) वेगळा नंबर शोधायची कटकट नाही.

चित्र आलं ते ब्लॅक अँड व्हाइट, व्हिडिओ स्टँडर्ड अमेरिकेतल्या एनटीएससीवरून आपल्याकडच्या पालवर केलं आणि आत्याचा हिरवा शालू दिसला की राव! 720 बाय 576, सेकंदाला 25 फ्रेम. आईला हाक मारली, ती बघतच बसली.

आवाज अजून नाहीये, उद्या व्हीसीआरची ऑडिओ वायर थेट साउंड कार्डच्या लाइन-इनला लावून बघतो. आणि तुमच्याकडे असं कार्ड पडून असेल तर प्लीज भंगारात देऊ नका, मला सांगा.