रबाईतलं नाशिक

“नासिक? मग तुम्ही आमच्याच गावच्या!”

केनियातल्या मोंबासाजवळच्या रबाईतल्या छोट्या संग्रहालयात आज एका म्हाताऱ्या काकांनी हातातला किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि माझा हात धरला. “माझे पणजोबा तिथं सुतारकाम शिकले.”

मला काही सुचेचना.

१८४६ साली क्राफ आणि रेबमन या जर्मन मिशनऱ्यांनी इथं ठाणं मांडलं, एवढं मी वाचून आले होते. त्यापुढची गोष्ट काकांनी सांगितली. गुलामांच्या गलबतांवरून इंग्रजी आरमारानं सोडवलेली आफ्रिकी मुलं मुंबईला उतरवली जायची. त्यातली कित्येक नाशिकच्या शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली, सुतारकी-लोहारकी शिकली. १८६४ मध्ये त्यांच्यातलेच विल्यम जोन्स रबाईला आले. अशा मुंबईमार्गे आलेल्यांना इथं नावच पडलं, ‘बॉम्बे आफ्रिकन’. पुढे पळून आलेल्या गुलामांना याच जोन्सनी रबाईत थारा दिला. मालक त्यांना परत मागायचे. शेवटी मालकांना भरपाई दिली गेली आणि १ जानेवारी १८८९ ला सुमारे १४०० जणांना मुक्तीचे कागद मिळाले.

स्वतः सोडवला गेलेला माणूस दुसऱ्यांसाठी दार उघडं ठेवतो. अजून अंगावर काटा आहे.

शाळेची दहा वर्षं मी शरणपूर रोडनं सायकल दामटली. त्या नावातलं ‘शरण’ कुणाचं, हे एकदाही मनात आलं नाही.

निघताना काकांनी विचारलं, “ती जागा अजून आहे? तिथं आमची आठवण काढतात?”

नाशिककरांनो, तुमच्या घरात कधी कुणी या मुलांबद्दल बोललंय का? मला काकांना कळवायचंय.