माउलींच्या अश्वांबरोबर अंकलीहून मिरजेपर्यंत

आळंदीहून माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला प्रस्थान ठेवते, हे वारकऱ्यांच्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु त्या सोहळ्याची पहिली पावले त्याच्या बऱ्याच आधी, बेळगाव जिल्ह्यातील चिक्कोडी तालुक्याच्या अंकली या कृष्णाकाठच्या गावातून पडलेली असतात, याची वाच्यता आमच्या भागाबाहेर फारशी होत नाही. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांच्या मधोमध होणाऱ्या रिंगणात धावणारे दोन्ही अश्व अंकलीच्या शितोळे सरकारांचे असतात आणि ते सुमारे ३०० किलोमीटरचा रस्ता पायी तुडवत आळंदीला पोहोचतात. मी निपाणीचा, म्हणजे जवळचाच. पण या वाटचालीत यंदा प्रथमच सामील झालो, तेही मिरजेच्या मुक्कामापर्यंतच.

अंकली म्हटले की पुण्या-मुंबईकडच्या माणसाला सांगली-कोल्हापूर रस्त्यावरची अंकली आठवते. तीही कृष्णेच्याच काठी असल्यामुळे घोटाळ्यात भर पडते. आमची अंकली खालच्या अंगाला, कर्नाटकात आहे. गावातील दुकानांच्या पाट्या कानडीत, देवळातील भजन मराठीत आणि बाजारातील घासाघीस दोन्ही भाषांत अशी इथली रीत आहे. शिवारात जिकडे पाहावे तिकडे ऊस. काळी कसदार जमीन, नदीचे पाणी आणि आजूबाजूला साखर कारखाने, त्यामुळे गाव खाऊन-पिऊन सुखी आहे. मात्र कृष्णा जशी देते तशी घेतेही. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या महापुरांनी या पट्ट्यातील काठावरच्या गावांची जी दैना केली, तिच्याविषयी बोलताना लोक अजूनही हाताने भिंतीवरची उंची दाखवतात.

गावाकडे हा मान कसा आला, याची कथा ग्वाल्हेरपर्यंत जाते. सातारा जिल्ह्यातील आरफळचे हैबतबाबा हे ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी होते. गावी परतताना वाटेत भिल्लांनी त्यांना गुहेत कोंडले आणि अखंड हरिपाठामुळे त्यांची सुटका झाली, असे परंपरा सांगते. पुढे ते आळंदीला माउलींच्या चरणी राहिले आणि १८३२च्या सुमारास त्यांनी पादुका पालखीतून, लवाजम्यासह पंढरीला नेण्याची प्रथा घातली. लवाजमा म्हटला की घोडे, तंबू, नैवेद्य हे सारे आले. ते अंकलीच्या शितोळ्यांनी पुरवले. तळावरचा तंबू आणि माउलींचा नैवेद्य ही सेवा आजही त्याच घराण्याकडे आहे. मला यात विशेष वाटते ते असे की, सोहळ्याला राजेशाही थाट ज्यांनी दिला, त्यांचे गाव सोहळ्याच्या वाटेवर कुठेच नाही. पालखी अंकलीला कधी येत नाही. अंकलीनेच तिच्याकडे जायचे.

निघण्याच्या सकाळी वाड्यासमोर सडा-रांगोळी झाली होती. दोन्ही घोड्यांना आंघोळ घालून, अंग पुसून उभे केले होते. एक माउलींचा, दुसरा स्वाराचा. स्वाराच्या घोड्यावर जरीपटका घेतलेला स्वार बसतो. माउलींच्या अश्वावर मात्र कोणी बसत नाही, कारण त्यावर साक्षात ज्ञानोबाराय विराजमान असतात अशी श्रद्धा आहे. सुवासिनींनी औक्षण केले, खुरांवर पाणी घातले, हळदकुंकू वाहिले. नऊवारीतली एक आजी पुढे झाली, तिने घोड्याच्या पुढच्या पायाला कपाळ टेकले आणि उठताना त्याच्या मानेवर थाप मारून कानडीत त्याच्याशी काहीतरी बोलली. घोड्याने कान टवकारले. घरच्या जनावराशी बोलावे तितक्या सहजतेने ती बोलत होती. पंढरपूरच्या वाटेवर याच घोड्याच्या टापांखालची माती कपाळी लावायला हजारोंची झुंबड उडते. इथे त्याला बालपणापासून ओळखणारी माणसे होती.

टाळ-मृदंगाच्या गजरात आम्ही गावाबाहेर पडलो. वेशीपर्यंत सारे गाव होते, नंतर चालणारे तेवढे उरले. पालखीबरोबरच्या दिंड्यांना क्रमांक असतात, चोपदाराची शिस्त असते, पाण्याचे टँकर आणि वैद्यकीय पथके असतात. इथे त्यातले काही नाही. एक टेम्पो, त्यात घोड्यांचा चारा, भिजवलेल्या हरभऱ्याची पोती आणि आमच्या पिशव्या. कोणी दमला की टेम्पोत बसावे, पण माझ्यादेखत कोणी बसले नाही. घोडे चालत असताना आपण बसायचे म्हणजे लाज वाटते, असे एका पोरसवदा वारकऱ्याने सांगितले.

कृष्णेच्या पुलावर वाहने थांबवून वाट करून दिली गेली. मृगाचा पाऊस अजून नेमाने लागलेला नव्हता आणि नदीचे पात्र निम्मे वाळूचे होते. पूल ओलांडल्यावर कागवाडच्या दिशेने रस्ता सरळ जातो, आणि उन्हे वर आली की त्या डांबरावर अनवाणी पाऊल ठेववत नाही. घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दाराने घोडे कडेच्या मातीवर घेतले. त्याच्याबरोबर चालत मी बरीच माहिती काढून घेतली. पळणे घोड्याला सोपे, कडक रस्त्यावर संथ चालणे अवघड, असे त्याचे म्हणणे होते. तो थोड्या थोड्या अंतराने वाकून एकेक पाय उचलून बघे, नालेत अडकलेला खडा खिळ्यासारख्या हत्याराने काढून टाकी आणि खुराला हाताच्या पाठीने स्पर्श करून ऊब पाही. खूर जास्त गरम लागला तर पाय सुजण्याची भीती असते. त्याला मी विचारले, "काका, रिंगणात हा एवढा बेफाम धावतो, तेव्हा काळजी वाटत नाही?" तो म्हणाला, "रिंगणाची काळजी माउलीला. रस्त्याची मला."

वाटेतल्या वस्त्यांवर चहा-पाणी ठरलेले असते. एका जैन शेतकऱ्याच्या मळ्यात आम्हाला "बर्री, कुंदर्री" म्हणून बसवले, जोंधळ्याची भाकरी, शेंगाची चटणी आणि ताक वाढले. या पट्ट्यात जैन आणि लिंगायत शेतकरी पुष्कळ आहेत आणि विठ्ठलाच्या घोड्यांना पाणी पाजण्यात त्यांच्यापैकी कोणाला काही वेगळे वाटत नाही. १९५६ साली राज्ये भाषावार झाली आणि हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्यावरून निघालेले मोर्चे, आयोग आणि खटले यांच्याशी माझ्या पिढीचे आयुष्य जोडलेले आहे, आणि मराठी फलकांसाठी आजही भांडावे लागते याची मला चीड आहे. तरीही त्या मळ्यातल्या ताकाच्या तांब्याला मी कोणती बाजू लावणार?

कागवाड मागे पडले की राज्याची सीमा येते आणि पुढे म्हैसाळ लागते. कर्नाटकाची बस जाऊन तिच्या मागोमाग महाराष्ट्राची लाल एसटी आली, एवढ्यावरून हद्द बदलल्याचे कळले. म्हैसाळला स्वागताला मोठी गर्दी होती आणि पहिल्यांदाच फोटो काढणारेही दिसले. अंकलीचे बरेचसे शेतकरी तिथून मागे फिरले, कारण पेरण्या तोंडावर होत्या. त्यातल्या एका अण्णांना मी विचारले, "आळंदीला नाही येत?" ते म्हणाले, "आता सोयाबीन टाकतो. मग थेट सदाशिवनगरला, गोल रिंगणाला गाठतो. आमचा घोडा पळतो तेव्हा आम्ही नको व्हय?"

मिरजेत पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मुक्कामी आरती झाल्यावर मोतद्दाराने दोन्ही घोड्यांचे पाय गार पाण्याने धुतले, गुडघ्यांखाली तेल चोळले आणि त्यांच्यापुढे हरभरा टाकला. त्यानंतर तो जेवायला बसला. सकाळी ते सांगलवाडीच्या दिशेने निघाले आणि मी निपाणीची बस धरली.