दोन दिवसांचा महिना

जपानी भाषा शिकवायला लागल्यापासून दर वर्षी नव्या तुकडीतले कोणी ना कोणी मला हमखास विचारते, "सर, जपान एका रात्रीत आधुनिक कसा झाला?" त्यातले "एका रात्रीत" मला नेहमी खटकते. तरीही मी त्यांना सांगतो, की अशी एक रात्र खरोखरच होऊन गेली.

मेइजी ५, म्हणजे १८६८ मधल्या सत्तापालटानंतर सुरू झालेल्या मेइजी कालगणनेचे पाचवे वर्ष. त्याच्या बाराव्या महिन्याची २ तारीख मावळली आणि दुसऱ्या दिवशी १ जानेवारी १८७३ उजाडला. चंद्राच्या कलांवर चालणारे पंचांग जाऊन युरोपचे सौर कॅलेंडर आले, आणि ऋतूप्रमाणे लहानमोठ्या होणाऱ्या दिवसाच्या सहा व रात्रीच्या सहा प्रहरांच्या जागी २४ समान तास आले. फर्मान निघाले ते जेमतेम तीन आठवडे आधी. तोवर पुढच्या वर्षाची पंचांगे छापून तयार होती. ती छापणारे व्यापारी पार बुडाले.

एवढी घाई कशासाठी? पाश्चात्त्य देशांशी व्यवहार सुकर व्हावा हा हेतू होताच, पण खरी निकड तिजोरीची होती, आणि त्या वेळी अर्थव्यवहार पाहणाऱ्या ओकुमा शिगेनोबु यांनी पुढे ते स्वतःच सांगितले. अधिक महिना आपल्याला नवा नाही. जपानच्या जुन्या पंचांगातही तो होता आणि मेइजी ६ मध्ये नेमका येणार होता. सरकारी नोकरांना नुकताच मासिक पगार सुरू झालेला असल्यामुळे त्या वर्षी बाराऐवजी तेरा पगार द्यावे लागले असते. नव्या कॅलेंडरने तेरावा पगार वाचवला. शिवाय मेइजी ५ चा बारावा महिना दोनच दिवसांचा उरल्याने त्याचाही पगार सरकारने दिला नाही. कारकुनाच्या या हिशेबापुढे सुधारणेची थोर भाषणे मला जरा फिकीच वाटतात.

तिजोरीवरचा भार सरकारने आपण होऊन ओढवून घेतला होता. १८७१ मध्ये दाइम्यो सरदारांची संस्थाने खालसा झाली, तेव्हा त्यांच्या मुलखाबरोबर त्यांची कर्जे आणि सामुराईंचे पिढीजात तनखेही नव्या सरकारच्या गळ्यात पडले. म्हणून १८७३ मध्ये तांदळाच्या रूपातला सारा बंद करून जमिनीच्या किमतीच्या ३ टक्के रोख कर बसवण्यात आला; त्याच वर्षी सक्तीची लष्करभरती सुरू झाली आणि लढण्याची सामुराईंची मक्तेदारी संपली. भरतीच्या जाहीरनाम्यात "रक्ताचा कर" असा शब्द आला होता. खेड्यांतल्या लोकांनी तो शब्दशः घेतला, सरकार अंगातले रक्त काढून नेणार अशी अफवा उठली आणि ठिकठिकाणी दंगे झाले. १८७६ मध्ये सामुराईंची तलवार बाळगण्याची मुभा गेली, तनखेही सक्तीने रोख्यांत बदलले गेले. पुढच्याच वर्षी नैर्ऋत्येकडच्या सात्सुमा प्रांतात सामुराईंचे पुढारी साइगो ताकामोरी यांच्या मागे बंड पेटले आणि ज्यांची भरती होताना दंगे झाले, त्या शेतकऱ्यांच्या पोरांच्या फौजेने ते मोडले.

कॅलेंडरविरुद्ध असे युद्ध झाले नाही. गावांनी कचेरीपुरती नवी तारीख घेतली आणि सणवार कितीतरी वर्षे जुन्याच तिथीने केले. पितरांचा बोन हा सण सातव्या महिन्यातला. तोक्योने तो नव्या जुलैत नेला, पण शेतीच्या ऐन धांदलीत तो बहुतेक प्रांतांना सोयीचा नव्हता, म्हणून त्यांनी एक महिना पुढे सरकून तडजोड केली. आजही जपानमधले बहुतेक लोक बोनसाठी गावी जातात ते ऑगस्टच्या मध्यावर.