तीन टिंबांवर भागवलं

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलचा, म्हणजे गाभ्याचा, शेड्युलर म्हणजे कुठला प्रोग्राम कुठल्या सीपीयूवर कधी आणि किती वेळ पळणार ते ठरवणारा, त्यामुळे कौतुक त्याचं आणि शिव्याही त्यालाच. पण त्याच फोल्डरमध्ये डीबग डॉट सी नावाची एक फाइल आहे, तिचं काम एवढंच की कोणी विचारलं तर आत काय चाललंय ते छापून दाखवायचं, आणि खरं सांगू का, मला तीच जास्त आवडते, कारण तिच्या दारात माणूस बहुतेक वेळा मशीन गुदमरल्यावरच येतो.

तेव्हा जाणकार मंडळी सिस-आरक्यू-टी ही कर्नलला थेट हुकूम देणारी कळांची जोडी दाबतात, की सगळ्या टास्कची (चालू कामांची) आणि प्रत्येक सीपीयूच्या रांगेची माहिती कन्सोलवर, म्हणजे मशीनचे संदेश दिसतात तिथे, ओतली जाते. सर्व्हरचा कन्सोल पुष्कळदा सिरियल, एकेक बिट तारेवरून पाठवणारा, १,१५,२०० बॉडच्या वेगाला सेकंदाला जेमतेम साडेअकरा हजार अक्षरं, आणि सीपीयू कधी कधी शंभराच्या वर, म्हणजे बसा बघत! त्यात २०२१ पर्यंत एकेका सीपीयूची ही छपाई लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारी कडी) धरून, वर इंटरप्ट, म्हणजे सीपीयूला मध्येच येणाऱ्या हाका, बंद ठेवून चालायची.

लॉक कशाला, तर सीग्रुपचं, म्हणजे प्रोग्रामांच्या गटाचं, नाव लिहायला सगळ्यांत मिळून एकच ४०९६ बाइटचा बफर (तात्पुरती लिहायची जागा). म्हणजे लॉक हवा होता नावापुरता, पण चाळीतल्या सामाईक मोरीत आंघोळीसाठी शिरलेल्या माणसाने कडी लावून दाढी, पेपर सगळं आतच उरकावं तसं चाललेलं. दुसऱ्या सीपीयूवर कोणी तेच बटण दाबलं की तो इंटरप्ट बंद करून बाहेर ताटकळणार, दहाएक सेकंद असं गेलं की अडकलेल्या सीपीयूवर नजर ठेवणारा वॉचडॉग ओरडणार ‘हार्ड लॉकअप’, आणि सेटिंग तसं असेल तर सरळ पॅनिक, म्हणजे कर्नलच हात टेकणार. आजारी मशीन तपासायला गेलेल्यानेच ते आडवं केलं. नावं छापणं मध्यंतरी बंद होऊन २०११ मध्ये परत आलं, तेव्हापासून हे असंच होतं.

आता प्रत्येकाला वेगळा बफर द्यावा तर तो स्टॅकवर (चालू कामाच्या हाताशी असलेल्या छोट्या जागेत) ठेवणार कसा, कर्नलचा स्टॅक एक्स८६ च्या ६४ बिटवर सगळा मिळून १६ केबी, त्यातले ४ नुसत्या नावाला कोण देणार. मग कर्नलच्या ५.१३ आवृत्तीत तोडगा असा निघाला की लॉक मिळाला तर मोठा बफर वापरा, नाही मिळाला तर थांबूच नका, स्टॅकवरच्या १२८ बाइटमध्ये मावेल तेवढं नाव लिहा आणि पुढे तीन टिंबं. नाव अर्धवट दिसलं तर दिसू दे की, ते माहितीपुरतंच आहे. अचूकपणाचा हट्ट कुठे सोडायचा हे कळायला मला वाटतं बऱ्यापैकी अनुभव लागतो.

आणि ती टिंबं लिहायची पद्धत तर फारच भारी, नाव कापलं गेलंय का हे कोड तपासतच नाही, टिंबं बफरच्या शेपटाला दर वेळी लिहून टाकतो, नाव छोटं असलं तर त्याचा शेवट दाखवणारा शून्य बाइट आधीच येतो आणि छपाई तिथेच थांबते, नाव लांबलं तर तो शून्य नेमका टिंबांखाली पुसला जातो. एक इफ, म्हणजे अट तपासायची ओळ, वाचवला पठ्ठ्याने!