डाव्या पंखावरचा तारा : जुन्या फिल्मांमधली विमानं, महिना चौथा

दुसऱ्या महायुद्धातल्या फिल्मांमधली विमानं ओळखायचा मला छंद. गेल्या खेपेला मी लिहिलं होतं की पी-४७ थंडरबोल्ट हे अमेरिकन लढाऊ विमान आता झोपेतसुद्धा ओळखतो. ते शब्द परत घेतो. या महिन्यात दोन संध्याकाळी ज्याला छातीठोकपणे थंडरबोल्ट म्हणत होतो, ते जर्मन फॉके-वुल्फ १९० निघालं. फिल्म जर्मन गन कॅमेऱ्याची (गोळीबार करताना समोरचं लक्ष्य टिपणारा विमानातला कॅमेरा) आहे असं मनाशी धरून बसलो आणि जाड गोल नाक दिसल्यावर पुढचं काही बघितलंच नाही. पंखाच्या कडा बघितल्या असत्या तर दहा सेकंदांत निकाल लागला असता. थंडरबोल्टचा पंख लंबगोल वळणाचा, फॉके-वुल्फचा सरळ कडांचा.

समाधान एवढंच की १९४३ मध्ये खुद्द दोस्त राष्ट्रांच्याच गनर्सची हीच गल्लत व्हायची. म्हणून तर इंग्लंडमधल्या थंडरबोल्टच्या नाकाला आणि शेपटीला पांढरे पट्टे मारले. १९४४ मध्ये विमानं रंग न देता चकचकीत धातूचीच यायला लागली, तेव्हा त्यांच्यावर तेच पट्टे काळे झाले.

नव्यांसाठी एक गोष्ट, कारण ती मलाही कुणीतरी सांगावी लागली होती: गन कॅमेऱ्यात दिसतं ते मार खाणारं विमान, मारणारं नव्हे. मारणारा कोण हे गोळ्यांवरून ताडायचं. दोन्ही बाजूंनी ट्रेसर (उजेडाची रेघ सोडणाऱ्या गोळ्या) येऊन पुढे एका जागी मिळत असतील तर तोफा पंखात आहेत. अमेरिकन पी-३८ लायटनिंगच्या चार मशीनगन आणि २० मिमीची तोफ नाकातच, त्यामुळे मारा सरळ समोर जातो. सुरुवातीला कॅमेराही नाकातच होता. गोळीबार सुरू झाला की चित्र गदागदा हलतं. पुढे तो पंखाखाली नेला.

आता या महिन्याची खरी कमाई. मस्टँग (पी-५१ हे अमेरिकन लढाऊ विमान) उडताना दाखवणारा सहा सेकंदांचा तुकडा. अक्षरं पुसट, काही लागत नव्हतं. व्हीएलसीमध्ये एकेक फ्रेम पुढे सरकवत असताना (आई म्हणते, तेच विमान किती वेळा उडवणार?) वळताना पंखाची वरची बाजू दिसली आणि अमेरिकन विमानांची खूण असलेला तारा उजव्या पंखावर होता. अमेरिकन लष्कराच्या विमानांवर १९४१ पासून वरून बघितलं तर तारा फक्त डाव्या पंखावर आणि खालून बघितलं तर फक्त उजव्या. म्हणजे फिल्मच आरशातल्यासारखी उलटी छापलेली! चित्र फिरवल्यावर शेपटीवरचे दोन आकडे लगेच वाचता आले. त्या रात्री झोप उशिरा लागली.

ही युक्ती नौदलाच्या विमानांना डोळे झाकून लावू नका. १९४२ च्या जानेवारीपासून साधारण वर्षभर त्यांच्या दोन्ही पंखांवर, वर आणि खाली, तारे होते. मिडवेच्या लढाईच्या (जून १९४२) काळातली वाइल्डकॅट, म्हणजे नौदलाचं लढाऊ विमान, या परीक्षेत बसतच नाही. तिच्यासाठी चाकं बघा. ती पोटाच्या बाजूंना आत जातात आणि वैमानिक हाताने हँडल फिरवून ती ओढतो, त्यामुळे उडाल्यावर विमान थोडं डुलतं. तिच्यानंतर आलेल्या हेलकॅटची चाकं वळून मागे पंखात आडवी होतात. एवढं पुरे.

ताऱ्यावरून तारीख काढण्याचा नाद मात्र वाढलाय. ताऱ्याच्या मधला लाल ठिपका १९४२ च्या मे महिन्यात गेला, कारण जपान्यांच्या लाल गोळ्याशी घोटाळा नको. १९४३ च्या मध्यावर दोन्ही बाजूंना पांढऱ्या पट्ट्या आल्या, त्यांना लाल किनार. काही महिन्यांतच ती किनार निळी झाली. लाल किनार दिसली की तारखेचा पल्ला एकदम आखडतो, पण ते रंगीत फिल्मवरच. काळ्या-पांढऱ्यात लाल आणि निळा दोन्ही करडेच दिसू शकतात. तेव्हा कृपा करून काळ्या-पांढऱ्या फ्रेमवरून 'किनार लाल आहे' असं ठासून सांगू नका. मी सांगितलं होतं, एकदा.

एक तुकडा आपल्याकडचा, भारतातला, सापडला. फाइलवर नाव 'इटली १९४५'. पण मस्टँगच्या मागच्या अंगावर पाच तिरपे पांढरे पट्टे! ही अमेरिकेच्या पहिल्या एअर कमांडो गटाची खूण. फिलिप कॉक्रन यांचा हा गट १९४४ मध्ये आसामातल्या हैलाकांडीहून उडत होता. मार्चमध्ये ब्रिटिश सेनानी विंगेट यांच्या चिंडिट सैनिकांना (शत्रूच्या पिछाडीला घुसून लढणारी तुकडी) ग्लायडरमधून ब्रह्मदेशात उतरवलं तेही याच गटाने. खात्रीसाठी नाक बघितलं. वर हवा घेणारा लांबट उंचवटा आणि पंख्याला तीन पाती, म्हणजे ॲलिसन इंजिनचं पी-५१ ए. मर्लिन इंजिनवाल्या बी मॉडेलचं नाक वरून साफ, पाती चार. मागे बांबूच्या झोपड्या होत्या, त्या मला सर्वांत शेवटी दिसल्या.

एक तुकडा अजून अडलाय. अलास्कातला लॅड फील्ड, बर्फ, सोव्हिएत लाल तारा, मोटारीसारखं दार. म्हणजे अमेरिकेने सोव्हिएत संघाला दिलेलं पी-३९ किंवा पी-६३ लढाऊ विमान. शेपटीच्या उंचीवरून एका क्षणात कळलं असतं, पण नेमका शेपटीपुढे इंधनाचा ट्रक उभा. पंखा सुरू होतो तिथे फिल्म कापलेली. आणि चार पाती मोजता आली तरी काम फत्ते नाही, कारण पी-३९ च्या शेवटच्या काही क्यू मॉडेलांनाही चारच होती. ट्रक हलतो त्या तीन फ्रेम मोठ्या करून बघतोय.