गाडी चढली कुठे

रविवार, रात्रीचे साडेदहा.

आज दुपारचा सगळा वेळ मी ओसरीच्या फरशीवर पालथी पडून भाच्याच्या लेगोच्या ठोकळ्यांच्या आगगाडीमागे घालवला. दिवाळीच्या सुट्टीसाठी तो परभणीला येताना ही मोटरवर चालणारी गाडी घेऊन आला आहे. पहिल्या दिवसापासून ती दर तीन-चार फेऱ्यांनी रुळावरून घसरते आहे. इंजिन पुढे जाते, मधला डबा आडवा होतो आणि "आत्या, पुन्हा पडली" अशी हाक येते. आज मात्र त्या हाकेत रडू मिसळले होते, म्हणून हातातले काम बाजूला ठेवले.

मी आधी जे केले ते सगळे चुकीच्या जागी केले. डबा वळणावर पडत होता, म्हणून मी वळणाचे तुकडे काढून पुन्हा दाबून बसवले, चाके पुसली, वेग कमी केला. तिसऱ्या डब्याच्या आसाभोवती माझाच एक लांब केस गुंडाळलेला सापडला, तो सुईने सोडवला आणि ते चाक मोकळे फिरू लागले. तरीही डबा पडायचा तो पडलाच.

अण्णा खुर्चीत बसून हे सगळे पाहत होते. मनमाड-सिकंदराबाद मार्ग मीटरगेज होता तेव्हापासून ते कीमन होते, आणि तो ब्रॉडगेज झाल्यावरही खांद्यावर हातोडा घेऊन रोज पाच-सहा किलोमीटर रूळ पायी तपासत असत. ते एवढेच म्हणाले, "गाडी पडली कुठं ते बघू नको, चढली कुठं ते बघ."

खऱ्या घसरणीची चौकशी अशीच होते, हे त्यांनी मग सविस्तर सांगितले. चाकाची कड आधी रुळाच्या डोक्यावर चढते, काही अंतर तशीच वरून चालते आणि मग पलीकडे उतरते. डबा पडलेला दिसतो तो उतरल्याच्या जागी, दोष मात्र चढल्याच्या जागी असतो. लोखंडी रुळावर चढल्याची खूण ओरखड्याच्या रूपाने राहते. प्लॅस्टिकच्या रुळावर ती कशी मिळणार, हा प्रश्न भाच्याने विचारला आणि तोच आतून खडू घेऊन आला. रुळांच्या डोक्यावर आम्ही पांढरा खडू घासला आणि गाडी सोडली. डबा नेहमीप्रमाणे वळणावर पडला. पण खडूवर उमटलेली बारीक तिरपी रेघ वळणाच्या वीतभर आधी, सरळ रुळावरच सुरू झाली होती.

तिथे आमच्या शहाबादी फरशीचा एक कोपरा खचलेला आहे. इतकी वर्षे पाय त्यावरून जात आहेत आणि कधी जाणवले नाही, पण नख फिरवले तर अडते. त्या कोपऱ्यावर एका बाजूचा रूळ खाली बसत होता आणि दुसऱ्या बाजूचा वरच राहत होता. खेळण्याच्या डब्याला स्प्रिंग नसतात, चारही चाके एका ताठ चौकटीत असतात, त्यामुळे रूळ असा पिळला की एक चाक अधांतरी राहते, आणि ज्या चाकावर वजनच नाही त्याची कड रुळावर चढायला वेळ लागत नाही. अण्णांनी जुनी लग्नपत्रिका मागवली, तिचे चौकोनी तुकडे कापले आणि एकेक करत रुळाखाली सरकवले. रुळाची देखभाल करणाऱ्या गँगचे लोक रुळाखालच्या आडव्या स्लीपरखाली खडी ठासतात त्याला ते पॅकिंग म्हणत, आणि आजही तोच शब्द त्यांच्या तोंडी आला. तिसऱ्या तुकड्याला नख अडायचे थांबले.

गाडी अकरा फेऱ्या नीट फिरली. मग भाच्याने शेवटच्या उघड्या वाघिणीत, म्हणजे मालडब्यात, ज्वारी भरली आणि मधला रिकामा डबा पुन्हा पडला. या वेळी मात्र तो वळणाच्या आतल्या बाजूला पडला होता, आणि मला यातच सर्वांत जास्त रस वाटला. वेग जास्त झाला तर डबा बाहेरच्या बाजूला जातो. आत पडला तर त्याला कोणीतरी ओढले आहे. पुढून इंजिन ओढते, मागून ज्वारीची वाघीण अडवून धरते, आणि मधला हलका डबा ताणलेल्या दोरीसारखा सरळ होऊ पाहतो. वळण जितके आवळलेले तितकी ही ओढ अधिक. लेगोच्या दोन रुळांत ३७.५ मिलिमीटर अंतर असते आणि वळणाची त्रिज्या ३२० मिलिमीटर असते, सोळा तुकड्यांत पूर्ण वर्तुळ होते. आपले ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचे, म्हणजे जवळजवळ ४५ पट. त्या हिशेबाने हे वळण खऱ्या मार्गावर फक्त १४ मीटर त्रिज्येचे ठरते, आणि भारतीय रेल्वे ब्रॉडगेजवर १७५ मीटरपेक्षा आवळ वळण घेत नाही. हा हिशेब वहीत मांडून दाखवला तेव्हा भाचा बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिला. नंतर त्याने काही न बोलता ज्वारीची वाघीण काढून थेट इंजिनामागे लावली. रिकामे डबे शेवटी गेले आणि गाडी चालू लागली.

सांधेबदलाच्या तुकड्यावर अजून एक अडचण आहे. तिथे उजवे वळण संपताच डावे सुरू होते, आणि गाडी उलटी ढकलत नेली की तिथे डबे एकमेकांना कोपऱ्याने रेटतात. दोन वळणांच्या मध्ये एक सरळ तुकडा घालून पाहायचा आहे, पण त्यासाठी पलंग भिंतीकडे सरकवावा लागेल. ते उद्या.

पत्रिकेचे तुकडे रुळाखाली तसेच ठेवले आहेत. सकाळी झाडताना ते हलू नयेत, म्हणून आईला आताच सांगून आले.